अमेरिकी यादवीतल्या शिपायाचा संच : झोळी पास, बूट नापास

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धातल्या, उत्तरेकडच्या पायदळ शिपायाच्या सामानाची ही प्रतिकृती धारावीत शिवली जाते आणि मुंबईतल्या ड्रेपरीवाल्यांकडे भाड्यानं किंवा विकत मिळते. एकाच कारखान्याचा माल वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळ्या वेष्टनात येतो, म्हणून इथे दुकानाचं नाव देत नाही. माल ओळखायची खूण मात्र पक्की आहे: हॅवरसॅकच्या, म्हणजे शिध्याच्या झोळीच्या, आत मांजरपाटाची सुटी पिशवी, पाण्याच्या बाटलीवर राखाडी लोकरी कापड आणि काडतूस-पेटीत पत्र्याच्या डब्यांऐवजी लाकडाचा ठोकळा.

एकांकिका, शाळेचं प्रदर्शन किंवा कॉलेजच्या इतिहास मंडळाचा कार्यक्रम यांसाठी हा संच घेतला जातो, आणि घेणारे आधी बंदूक नि टोपी बघतात. शिपायाचा दिवस बंदुकीवर फार थोडा जायचा. चालणं, शिधा शिजवणं, कपडे वाळवणं, उवा मारणं आणि कवायत, यांतच मोहीम सरायची. युद्धात मेलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश रोगानं गेले. म्हणून या संचाकडून आमची अपेक्षा एकच आहे: यातल्या वस्तूंवर एका माणसाला तीन दिवस खाता-पिता, चालता आणि झोपता आलं पाहिजे.

यात हॅवरसॅक सगळ्यात सरस उतरली आहे. मूळ झोळी जाड किनतानाची, बाहेरून काळ्या तेलरंगाचे हात दिलेली, साधारण तेरा इंच रुंद आणि जवळजवळ तेवढीच खोल, एका बकलावर बंद होणारी. आतली कापडी पिशवी तीन बटणांवर अडकवलेली असायची, काढून धुता यावी म्हणून. खारवलेलं डुकराचं मांस, साखर, कॉफी आणि बिस्किटं सगळं याच झोळीत जायचं आणि थोड्याच दिवसांत आत चरबीचा थर बसायचा. या प्रतिकृतीत तिन्ही बटणं जागच्या जागी आहेत, काजं हातानं भरलेली आहेत, पट्टा पिशवीला जोडतो तिथे दुहेरी टीप आहे.

झोळी तपासायची ती भरून. मोहिमेवर एका दिवसाचा शिधा म्हणजे १ पौंड हार्डटॅक (पिठा-पाण्याचं कडक बिस्किट), पाऊण पौंड खारवलेलं डुकराचं मांस किंवा सव्वा पौंड ताजं मांस, शिवाय कॉफी, साखर, मीठ. कूच करताना तीन दिवसांचा शिधा एकदम हातात द्यायचे. म्हणजे झोळीत पावणेतीन किलोच्या आसपास वजन. तेवढं भरून पट्टा उजव्या खांद्यावरून घ्या, झोळी डाव्या बाजूला येऊ द्या आणि एक जिना चढा-उतरा. टीप ताणत नाही, बकल सरकत नाही. पट्टा मात्र लांब आहे. झोळी मांडीवर आली की प्रत्येक पावलाला आपटते आणि आतल्या हार्डटॅकचा भुगा होतो. पट्टा आखूड करून तिथेच शिवून टाका, म्हणजे झोळी कमरेलगत बसेल.

दोष आहे तो रंगात. जवसाचं तेल आणि काजळी यांचा रंग पातळ हात देऊन, मध्ये पुरेसे दिवस सोडून वाळवावा लागतो. इथे दोन जाड हात घाईघाईनं दिलेले दिसतात. वर पापुद्रा धरतो, खालचा थर ओला राहतो. पावसाळ्यात घेतलेल्या झोळीचं झाकण पिशवीला चिकटून बसतं आणि ओढलं की पोपडा निघून पांढरं कापड दिसतं. नवी झोळी आणली की टाल्कम पावडर चोळून, झाकण उघडं ठेवून पंख्याखाली आठवडाभर टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवू नका. पोपडे गेलेल्या जागी पुन्हा रंग लावणार असाल तर तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून मग फेका.

संचाबरोबर कागदात गुंडाळलेले दहा हार्डटॅक येतात. आकार बरोबर आहे: सव्वातीन इंचांहून किंचित कमी लांब, तीन इंचांहून किंचित कमी रुंद, अर्ध्या इंचाला जरा कमी जाड. चव साफ चुकली आहे. बेकरीनं मैद्यात वनस्पती तूप आणि साखर घातली आहे, त्यामुळे तो खारीसारखा तोंडात विरतो आणि काही आठवड्यांत खवट वास मारू लागतो. मूळ हार्डटॅकमध्ये पीठ आणि पाणी, फार तर मीठ. स्निग्ध पदार्थ नाही म्हणूनच तो महिनोन् महिने पेट्यांत टिकायचा आणि दगड व्हायचा. शिपाई तो बंदुकीच्या दस्त्यानं फोडत, कॉफीत बुडवत, नाहीतर थंड पाण्यात भिजवून डुकराच्या चरबीत तळत. कॉफीत टाकला की आतले किडे वर तरंगायचे. ते चमच्यानं काढायचे आणि प्यायचं.

हा हार्डटॅक घरी करणं सोपं आहे, तेव्हा संचातला वापरूच नका. अर्धा किलो मैदा, एक चमचा मीठ, २०० मिलीलीटरच्या आसपास पाणी. घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, एक सेंटीमीटर जाड लाटा आणि आठ बाय सव्वासात सेंटीमीटरचे तुकडे कापा. बरोबर दहा होतात, आणि वाळल्यावर त्यांचं वजन एका दिवसाच्या शिध्याएवढं, म्हणजे पौंडभर भरतं. प्रत्येक तुकड्याला चार ओळींत चार-चार भोकं आरपार पाडा. भोकं अर्धवट राहिली तर वाफ अडकून मधोमध फुगा येतो आणि आतला भाग कच्चा राहतो. १९० अंशांवर एका बाजूनं अर्धा तास, उलटून पुन्हा अर्धा तास भाजा. मग भट्टी बंद करून त्यातच गार होऊ द्या. मुंबईच्या हवेत ही शेवटची पायरी गाळली तर चार दिवसांत बुरशी धरते. पूर्ण वाळलेला तुकडा ओट्यावर आपटला की टणक वाजतो.

आता कॉफीचा पत्र्याचा मग. कॉफी नसती तर उत्तरेचं सैन्य चाललं असतं का, हा प्रश्न अभ्यासकांनी गंभीरपणे घ्यावा इतकं तिचं महत्त्व पत्रांतून आणि रोजनिशांतून दिसतं. शंभर माणसांच्या एका दिवसाच्या शिध्यात १० पौंड हिरव्या बिया किंवा ८ पौंड भाजलेली कॉफी, आणि १५ पौंड साखर. माणशी हिशेब केला तर रोज ३६ ग्रॅम भाजलेली कॉफी आणि ६८ ग्रॅम साखर. वाटपाची रीत बघण्यासारखी होती. रबरी चादर जमिनीवर पसरायची, तिच्यावर माणसांइतके कॉफीचे आणि साखरेचे ढीग घालायचे, वरखाली करून सारखे करायचे. मग वाटणाऱ्यानं पाठ फिरवायची, कुणीतरी एका ढिगावर बोट ठेवायचं आणि वाटणाऱ्यानं न बघता नाव पुकारायचं. रंगमंचावर ही दोन मिनिटं घेतली तर तुकडीतली माणसं प्रेक्षकाला चटकन कळतील, आणि त्यासाठी संचातली चादर पुरेशी मोठी आहे.

कॉफी माटुंग्याहून घ्या, पण चिकोरी नसलेली सांगून घ्या. उत्तरेला खरी कॉफी मिळत होती. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकल्यामुळे तिकडचा शिपाई चिकोरी, भाजलेली राय, वाळवलेली रताळी यांवर भागवायचा, आणि पहाऱ्यावर संधी मिळाली की समोरच्या शत्रूला तंबाखू देऊन कॉफी घ्यायचा. चिकोरीचं मिश्रण त्याच्या मगात शोभेल. बिया कापडात बांधून दगडानं ठेचा, पूड करू नका. पाऊण लीटर पाण्याला उकळी आली की त्यात १८ ग्रॅम टाका, दोन मिनिटं उकळू द्या, उतरवा आणि वर थोडं गार पाणी मारा म्हणजे चोथा खाली बसतो. पाणी उकळलं जायचं हा त्या सवयीचा मोठा फायदा होता. छावणीजवळच्या ओढ्याचं पाणी तसंच पिणाऱ्यांना हगवण गाठायची.

आणि इथेच मगानं मान टाकली आहे. पत्रा चांगला, तळाची कड दुमडून झाळलेली, पाणी थेंबभरही गळत नाही. पण कानाचं वरचं टोक नुसत्या झाळेवर आहे. मगात पाणी असतं तोवर पाण्याखालची झाळ शंभर अंशांच्या वर जात नाही. वरचं टोक पाण्याच्या रेषेच्या वर असतं, ज्वाळा तिथवर चढते, आणि झाळ दोन-सव्वादोनशे अंशांना वितळते. कान सुटतो आणि उकळतं पाणी पायावर येतं. वापरण्याआधी पत्रेवाल्याकडून कानाच्या दोन्ही टोकांना रिव्हेट मारून घ्या. मगाच्या काठाला समोरासमोर दोन भोकं पाडून तारेची कडी बसवली तर तो काठीला टांगून आगीवर धरता येतो. अशी कडी शिपाई स्वतःच करून घ्यायचे. झाळेत शिसं नाही ना, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. ते तो सांगू शकत नसेल तर हा मग फक्त देखाव्यापुरता ठेवा.

पाण्याची बाटली १८५८ च्या नमुन्याची आहे: पत्र्याच्या दोन फुगीर वाट्या काठाला झाळलेल्या, तीन पत्र्याच्या कड्यांतून जाणारा पट्टा, वर बुचाचं तोंड. सुमारे १.४ लीटर पाणी मावतं, तेही बरोबर. बूच सैल आहे, बाटली आडवी केली की पाझरते. कोरडं बूच रात्रभर पाण्यात ठेवा, फुगून घट्ट बसतं. तरीही हललं तर नवं बूच आणून सुरीनं हळूहळू निमुळतं करा. वरचं लोकरी कापड नुसतं शोभेचं समजू नका. ते ओलं केलं की बाष्पीभवनानं पाणी गार राहतं, आणि ऊन्ह असताना हा फरक हाताला कळतो. मात्र घामट दमट दिवसात तो जवळपास शून्य होतो. कोकम किंवा लिंबाचं सरबत यात भरू नका, आंबट पदार्थ पत्र्याची कल्हई खातो. रिकामी करून उलटी टांगून ठेवली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात आतून गंज. बाटली फुटली की शिपाई तिची झाळ आगीत वितळवून दोन वाट्या वेगळ्या करायचे आणि फटीच्या काठीत खोचून एका वाटीचा तवा करायचे. प्रदर्शनात मांडायला अशी एक वाटी मागून घ्या, कारखान्यात सदोष बाटल्या पडलेल्या असतात.

अर्धा तंबू म्हणजे सुती ड्रिलचा चौकोन, साधारण साडेपाच फूट बाजूचा. प्रत्येकानं अर्धा वाहायचा, मुक्कामी सोबत्याच्या अर्ध्याला काज-बटणांनी जोडायचा. लाकूड मिळालं नाही तर दोन बंदुकांच्या संगिनी जमिनीत रोवून, चापाच्या कड्यांना दोरी बांधून तीवर कापड टाकायचं. याचा सगळा उपयोग एका गोष्टीवर अवलंबून: कुठलाही अर्धा कुठल्याही अर्ध्याला जुळला पाहिजे. या संचातली बटणं प्रत्येक नगावर वेगळ्या अंतरावर आहेत. मोजपट्टी न धरता काजं पाडली असावीत. दोन नग जोडले की मध्ये फट उघडी राहते आणि नेमकी तीच वर, आढ्याला येते. घेताना दुकानातच दोन नग जोडून बघा, जुळणाऱ्या जोड्या निवडा आणि कापडाच्या कोपऱ्यात मार्करनं खूण करा. प्लास्टिकची बटणं काढून हाडाची किंवा पत्र्याची लावा, ती मंगळदास मार्केटच्या आसपासच्या शिवणसामानाच्या दुकानांत मिळतात.

कापड जलरोधक नाही, तसं ते मूळचंही नव्हतं. आधी त्याला पाणी पाजा: तंबू उभारून पूर्ण भिजवा, ताणलेल्या अवस्थेतच वाळू द्या, असं दोनदा करा. सूत फुगतं आणि वीण दाट होते. एवढं केल्यावर रिमझिम थोपवते. आत झोपलेल्याचं बोट किंवा डोकं कापडाला लागलं की तिथून धार सुरू. दोन्ही टोकं उघडी असतात, त्यामुळे मुंबईच्या जुलैत हा तंबू बाहेर लावायचा विचार सोडा. कापड मात्र सुती हवंच, पॉलिस्टर मिश्रण घेऊ नका. याच युद्धात अमेरिकी कापूस अडल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, बॅकबे भरावाचे शेअर आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. प्रदर्शनात हा तंबू मांडणाऱ्यांनी शेजारी त्या तेजी-मंदीचा एक फलक जरूर लावावा, पाहणाऱ्याचं आणि त्या कापडाचं नातं लगेच जुळतं.

रबरी चादर ठीक आहे. एवढंच, की ती घडी करून ठेवली तर घडीवर तडकते, गुंडाळून ठेवा. संचात पाठपिशवी नाही आणि ते योग्यच झालं, कारण पुष्कळ शिपाई ती वाटेत फेकून द्यायचे. घोंगडी पसरा, तीवर अर्धा तंबू, त्यात जास्तीचे मोजे आणि सुई-दोऱ्याची गुंडाळी ठेवा, लांबीत घट्ट गुंडाळा, बाहेरून रबरी चादर, मग नालेच्या आकारात वाकवून दोन्ही टोकं एकत्र बांधा. ही वळकटी डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येते. सगळं धरून अंगावर १८ ते २३ किलो व्हायचं.

कोट चार बटणांचा, गडद निळा, सैल, बिनअस्तराचा. मुंबईसाठी बिनअस्तराचाच घ्या. कापड लोकर म्हणून विकलं जातं, पण पॉलिस्टर मिसळलेलं आहे. शिवणीतून एक धागा काढून जाळून बघा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टरची काळी टणक गोळी होते. जिथे खरी आग पेटवणार आहात तिथे हा कोट घालून कुणालाही बसवू नका, ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटेल. आकाशी पँट आणि टोपी यांत खोट काढण्यासारखं काही नाही.

बूट घेऊ नका. मूळ बूट घोट्यापर्यंतचे, चौकोनी टोकाचे, चामड्याच्या तळाचे, तळ लाकडी खिळ्यांनी किंवा टाक्यांनी जोडलेला, टाचेला लोखंडी नाल. इथे वरचं चामडं बरं आहे, पण तळात पुठ्ठा दाबून त्यावर पातळ रबर चिकटवलंय. ओल लागली की पुठ्ठा फुगतो, डिंक सुटतो, आणि चालणाऱ्याला ते तळ उघडल्यावरच कळतं. युद्धाच्या सुरुवातीला ठेकेदारांनी असलाच माल सैन्याला विकला होता आणि शिपायांना त्याची फार झळ बसली. साध्या शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर, १८६४ पासून १६, आणि वर्षाचा कपडे-भत्ता ४२ डॉलर. त्याहून जास्त कपडे-बूट उचलले की फरक पगारातून कापला जायचा. ज्या माणसाला दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालायचं आहे, त्याचं सैनिकपण त्याच्या बुटांवर असतं. बाकी संच घ्या आणि बूट धारावीतल्याच एखाद्या कारागिराकडून पूर्ण चामड्याच्या तळाचे, टाक्यांनी शिवून करून घ्या. माप लोकरी मोजे घालून, संध्याकाळी द्या, तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. नव्या बुटांनी फोड येऊ नयेत म्हणून मोज्याला आतून साबण चोळायचा शिपायांचा उपाय अजूनही लागू पडतो. नाल लावायची तर कार्यक्रमाच्या जागीच लावा, स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर ती घसरते.

बंदूक लाकडी आहे, तशीच असावी. तोंडातून भरायची चालू बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नाही. पण लांबी चुकली आहे. १८६१ चा स्प्रिंगफील्ड नमुना ५६ इंच, वजन ९ पौंडांच्या आसपास. ही लाकडी बंदूक त्याहून चांगली वीतभर आखूड आणि फार हलकी आहे, त्यामुळे नट ती काठीसारखी मिरवतो. दस्ता पोखरून आत शिसं किंवा लोखंडी पट्टी भरली तर हात आपोआप खाली येतो. काडतूस-पेटीत दोन पत्र्याचे डबे हवेत, प्रत्येकात वीस काडतुसं: दहा वर उभी, हाताला येतील अशी, आणि दहांचं पुडकं खालच्या कप्प्यात. वरची संपली की डबा उपसून खालचं पुडकं फोडायचं, आणि हे गोळीबार चालू असताना. लाकडी ठोकळ्यानं ही सगळी धांदलच जाते. पत्रेवाल्याकडून डबे करून घ्या. चाळीस काडतुसांचं वजन दीड किलोच्या आसपास होतं. बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांच्या डबीत तोंडाशी मेंढीच्या लोकरीची पट्टी नाही, ती चिकटवा, नाहीतर धावताना टोप्या सांडतात.

भरण्याची क्रिया नऊ हुकमांची. बंदूक उभी, काडतूस हातात, दातानं कागद फाडायचा, दारू नळीत, गोळी तोंडाशी बसवायची, ठासणीचा गज काढायचा, ठासायचं, गज परत जागी, मग टोपी चढवून सज्ज. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. दारू ओठांना लागून तोंड काळं आणि घसा कोरडा होतो, म्हणून बाटली पुन्हा कथेत येते. दोन्ही बाजूंनी वापरलेली १८५३ ची एनफिल्ड हीच ती बंदूक, जिच्या काडतुसांवरून १८५७ मध्ये आपल्याकडे ठिणगी पडली. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला दातानं कागद फाडण्याची कृती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ती नीट दिसेल एवढी सावकाश करा.

दुकानाच्या सेवेबद्दल: कोटाची उंची-बाही बदलून मिळते, बुटांचं माप बदलून मिळत नाही. भाड्यानं घेताना अनामत देण्याआधी झोळीच्या रंगाचे, मगाच्या कानाचे आणि बाटलीच्या बुचाचे फोटो त्यांच्यासमोर काढा, परत करताना याच तीन जागांवरून वाद होतो. विकत घ्यायचं असेल तर झोळी, बाटली, रबरी चादर, टोपी आणि पँट घ्या, पत्र्याचा मग आणि तंबू वर सांगितलेल्या दुरुस्त्या करून घ्या, कोट फक्त रंगमंचापुरता घ्या. डिसेंबरच्या स्पर्धा-प्रदर्शनांसाठी लागणार असेल तर मागणी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच नोंदवा आणि झोळीला रंगाचे पातळ हात, प्रत्येकी मध्ये आठवडा सोडून, असं पावतीवर लिहून घ्या. ऑक्टोबरच्या उन्हात ते नीट वाळतात.